संसद, वृत्तपत्रे आणि दहा रुपयांचा अर्ज

— द्वितीय वर्ष बी. ए. (राज्यशास्त्र)

राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी एकदा प्रश्न विचारला, "कायदा कोण करतं?" वर्गातून एकमुखाने उत्तर आले, "संसद!" सर हसले आणि म्हणाले, "परीक्षेत हेच लिहा. पण संसदेकडून कायदा करून कोण घेतं, याचा विचार घरी जाऊन करा." त्या संध्याकाळी एस. टी.च्या खिडकीशी बसून मी खरोखरच विचार करीत गावी आले. कारण एका कायद्याशी माझी ओळख पाठ्यपुस्तकात होण्यापूर्वी घरातच झाली होती.

त्याची हकीकत अशी. मी तेव्हा अकरावीत होते. आमच्या शिधापत्रिकेवर पाच माणसे. माणशी पाच किलोप्रमाणे महिन्याला पंचवीस किलो धान्य मिळायला हवे. दुकानात आप्पांचा अंगठा मशीनवर घेतला जाई आणि पिशवीत वीस किलो पडे. विचारले तर "वरूनच कमी आलंय" हे ठरलेले उत्तर. माझे वडील मार्केट यार्डात हमाली करतात. त्यांना अक्षरओळख नाही. आमच्या घरात छापील कागद वाचणारी मीच पहिली. शाळेतल्या बाईंनी सांगितले त्याप्रमाणे मी आप्पांच्या नावाने एक अर्ज लिहिला. दुकानाला तीन महिन्यांत किती धान्य मिळाले आणि आमच्या कार्डावर किती वाटप दाखवले, त्या नोंदींच्या प्रती मिळाव्यात, एवढाच मजकूर. वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. खाली अंगठा उमटवताना आप्पांचा हात थबकला. "पोरी, आपल्याला याच गावात राहायचंय. सरकारला असा जाब विचारता येतो व्हय?"

सव्विसाव्या दिवशी पोस्टमन लखोटा घेऊन आला. तिन्ही महिन्यांच्या नोंदीत पंचवीस किलोच लिहिलेले होते. पुढच्या महिन्यापासून पिशवीत पंचवीस किलो पडू लागले. दुकानदार आप्पांशी कित्येक दिवस बोलला नाही, हेही सांगितले पाहिजे.

तो अर्ज ज्या कायद्यान्वये केला, तो माहितीचा अधिकार अधिनियम, २००५. हा कायदा संसदेने संमत केला हे खरे. पण संसदेला तो आपण होऊन सुचलेला नाही. रस्त्यावर बसलेली माणसे, त्यांची बातमी देणारी वृत्तपत्रे आणि मते मागणारे राजकीय पक्ष या तिघांच्या रेट्यातून तो घडला आहे. संसदेच्या कायदेनिर्मितीवर राजकारणाचा आणि वृत्तपत्रांचा प्रभाव पडतो, हे आपण बहुधा तक्रारीच्या सुरात बोलतो. त्या प्रभावाचे फायदे कोणते, हे या एकाच कायद्याच्या आधारे उलगडून दाखवावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सभागृहातील वाट

प्रथम कायदा होतो कसा, हे थोडक्यात पाहू. विधेयक सभागृहात मांडले जाते. ते पहिले वाचन. दुसऱ्या वाचनात त्याच्या तत्त्वांवर चर्चा होते आणि कलमवार विचार होतो. तिसऱ्या वाचनात ते संमत होते. दुसऱ्या सभागृहात हीच वाट पुन्हा चालावी लागते आणि शेवटी राष्ट्रपतींची संमती मिळते. १९९३ पासून खात्यांनुसार स्थायी समित्या आहेत. विधेयक समितीकडे गेले तर तेथे सर्व पक्षांचे सभासद त्यावर बसून विचार करतात, जाणकारांचे व संस्थांचे म्हणणे ऐकतात.

या वाटेचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. मंत्री नसलेला सभासदही विधेयक मांडू शकतो. परंतु स्वातंत्र्यानंतर आजवर अशी केवळ १४ विधेयके कायद्यात उतरली आणि त्यांतील शेवटचे १९७० साली. म्हणजे व्यवहारात कायदा करायचा की नाही, हे सरकार ठरवते. सरकारला वाटले नाही तर लोकांची निकड कितीही मोठी असो, ती सभागृहाच्या दारातच राहते. ते दार ठोठावण्याचे काम बाहेरूनच व्हावे लागते.

त्या १४ विधेयकांपैकी एक फिरोज गांधी यांचे होते, हा योगायोग मोठा बोलका आहे. संसदेत जे बोलले जाते त्याचे खरेखुरे वृत्त सद्हेतूने छापणाऱ्या वृत्तपत्रावर खटला होऊ नये, अशी तरतूद त्यांच्या विधेयकामुळे १९५६ साली झाली. आणीबाणीत, १९७६ साली, तो कायदा रद्द करण्यात आला. १९७७ साली तो पुन्हा आला आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने त्या संरक्षणाला घटनेतच स्थान मिळाले. संसद आणि वृत्तपत्र यांचे नाते किती जवळचे आहे, हे यावरून दिसते. सभागृहात काय चालले आहे हे बाहेर कळले नाही, तर बाहेरचे म्हणणे आत जाणार तरी कसे?

मस्टरवरील प्रश्न

आता माहितीच्या अधिकाराकडे वळू. त्याआधी आपल्याकडे जो कायदा होता तो गुप्ततेचा. १९२३ चा, इंग्रजांनी केलेला. सरकारी कागद हा सरकारचा, तो लोकांनी पाहायचा नाही, अशी तेव्हापासूनची रीत. नागरिकांना सरकारी कारभार जाणण्याचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने राज नारायण खटल्यात १९७५ सालीच म्हटले होते. पण न्यायालयाचे ते वाक्य तहसील कचेरीच्या खिडकीपर्यंत पोचायला तीस वर्षे लागली.

मध्यंतरी राजस्थानातील मजुरांनी एक साधा प्रश्न विचारला. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह आणि त्यांच्यासोबतच्या खेडुतांनी १ मे १९९० रोजी मजदूर किसान शक्ती संघटन स्थापन केले. दुष्काळी कामांवर राबणाऱ्या बायाबापड्यांना ठरलेली किमान मजुरी मिळत नसे. का, म्हणून विचारले तर "नोंदीप्रमाणे तुमचे काम भरले नाही" असे सांगत. मग ती नोंद दाखवा, ते मस्टर दाखवा, असे म्हटले तर "तो सरकारी कागद आहे." आमच्या दुकानातील "वरूनच कमी आलंय" या उत्तराचे हे थोरले भावंडच म्हणायचे!

डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोटकिराना गावी पहिली जनसुनावणी झाली. मिळवलेले कागद गावासमोर मोठ्याने वाचण्यात आले. मस्टरवर नावे आहेत पण ती माणसे कामावर कधी गेलीच नाहीत, कागदावर काम पुरे झाले आहे पण जागेवर ते अर्धेच आहे, असे प्रकार लोकांच्याच तोंडून उघड होऊ लागले. ज्याला वाचता येत नाही त्यालाही हिशेब कळतो, फक्त तो कोणीतरी मोठ्याने वाचावा लागतो, हे या सुनावण्यांनी दाखवून दिले.

येथे वृत्तपत्राचा प्रवेश होतो. एप्रिल १९९५ मध्ये राजस्थानचे मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत यांनी विधानसभेत सांगितले की, स्थानिक विकासकामांच्या कागदपत्रांच्या प्रती लोकांना मिळतील. 'दैनिक नवज्योती' या वृत्तपत्राने ती बातमी छापली. वर्ष उलटले तरी आदेश काही निघेना. तेव्हा एप्रिल १९९६ मध्ये ब्यावर या गावी लोक धरणे धरून बसले आणि ते धरणे चाळीस दिवस चालले. मुख्यमंत्र्यांनी दिलेला शब्द छापून आलेला होता. तोंडी आश्वासन वाऱ्यावर जाते. छापील आश्वासन कोणाच्या तरी पेटीत घडी घालून राहते आणि वेळ येताच बाहेर निघते. "हमारा पैसा, हमारा हिसाब" ही घोषणा याच चळवळीने दिली. 'जनसत्ता'चे संपादक प्रभाष जोशी, कुलदीप नायर यांच्यासारख्या पत्रकारांनी या लढ्याला आपलेसे केले आणि आडगावचा प्रश्न देशभरच्या वाचकांपुढे गेला.

त्याच वर्षी दिल्लीत लोकांच्या माहिती अधिकारासाठी राष्ट्रीय मोहीम उभी राहिली. न्यायमूर्ती पी. बी. सावंत तेव्हा प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष होते. त्यांच्या नेतृत्वाखाली माहितीच्या अधिकाराच्या विधेयकाचा मसुदा तयार झाला. मजुराला मस्टर हवे होते, पत्रकाराला बातमीचा आधार हवा होता. दोघांची गरज एकाच कलमात सामावणारी होती.

राज्याराज्यांतून दिल्लीपर्यंत

संसद अद्याप स्वस्थ होती, पण राज्ये हलू लागली. तामिळनाडू आणि गोवा येथे १९९७ साली कायदे झाले. महाराष्ट्रात २००० साली कायदा आला, पण तो फार तोकडा होता. अण्णा हजारे यांनी त्याविरुद्ध आंदोलन उभारले आणि २००२ साली अध्यादेशाद्वारे नवा, सशक्त कायदा आला. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळावी म्हणून ऑगस्ट २००३ मध्ये अण्णा आझाद मैदानावर उपोषणास बसले, तेव्हा कुठे ती संमती मिळाली. मराठी वृत्तपत्रांतून या आंदोलनाची बातमी गावोगाव पोचत होती. ज्यांनी कधी विधिमंडळाची पायरी पाहिली नाही, अशा लोकांच्या ओठी एका विधेयकाचे नाव आले.

केंद्रात मात्र वेगळेच घडले. डिसेंबर २००२ मध्ये संसदेने माहितीच्या स्वातंत्र्याचा कायदा संमत केला. त्याला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. पण माहिती न देणाऱ्याला दंड नाही आणि दाद मागायला स्वतंत्र यंत्रणा नाही, असे त्याचे रूप होते. शिवाय तो अमलात येण्याची तारीखच जाहीर झाली नाही. कायदा संमत होऊनही कपाटात राहू शकतो, हे मला या विषयाचा अभ्यास करताना प्रथमच कळले.

यानंतर राजकीय प्रभावाने आपले काम केले. २००४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर संयुक्त पुरोगामी आघाडीचे सरकार आले. निरनिराळ्या पक्षांना एकत्र बांधणाऱ्या किमान समान कार्यक्रमात माहितीचा अधिकार अधिक प्रभावी करण्याचे वचन होते. सोनिया गांधींच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय सल्लागार परिषदेत अरुणा रॉय होत्या; परिषदेने सरकारकडे शिफारशी पाठवल्या. डिसेंबर २००४ मध्ये विधेयक मांडले गेले, पण ते केवळ केंद्र सरकारच्या कार्यालयांपुरतेच होते! म्हणजे तहसील कचेरी, ग्रामपंचायत, शिधावाटप हे सर्व त्यातून सुटले होते. तसेच राहिले असते तर आप्पांचा अर्ज कोणी घेतलाच नसता.

चळवळीने लगेच आवाज उठवला, वृत्तपत्रांतून टीका झाली, संसदीय समितीपुढे लोकांनी म्हणणे मांडले. परिणामी विधेयकात शंभराहून अधिक दुरुस्त्या झाल्या. राज्यांची कार्यालये कायद्याच्या कक्षेत आली. उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंडाची तरतूद आली. ११ मे २००५ रोजी लोकसभेने व दुसऱ्या दिवशी राज्यसभेने विधेयक संमत केले. १२ ऑक्टोबर २००५ पासून कायदा पूर्णपणे अमलात आला.

फायदे कोणते?

या इतिहासातून जे फायदे दिसतात, ते आता क्रमाने मांडते.

पहिला फायदा असा की, ज्याच्या पायात काटा आहे त्याचे बोलणे सभागृहात पोचते. सचिवालयात बसून मसुदा लिहिणाऱ्याला दंडाचे कलम आवश्यक वाटेलच असे नाही. ज्याने कचेरीत खेटे घातले आहेत, त्याला मात्र ठाऊक असते की मुदत आणि दंड यांवाचून हक्क म्हणजे नुसती शोभा. २००२ चा कायदा आणि २००५ चा कायदा शेजारी ठेवून वाचले की हा फरक स्पष्ट दिसतो.

दुसरा फायदा स्मरणाचा. पाच वर्षांत शेकडो आश्वासने दिली जातात. वृत्तपत्र ती टिपून ठेवते, पुन्हा विचारते. राजकारणी माणसाला छापील शब्दाचा धाक वाटतो तो यामुळेच.

तिसरा फायदा, राजकीय दबावाने मागणीला मुहूर्त मिळतो. मागणी कितीही न्याय्य असली तरी ती पक्षाच्या जाहीरनाम्यात आणि सरकारच्या कार्यक्रमात आल्यावाचून तिला सभागृहाची तारीख मिळत नाही. १९७५ पासून जे तत्त्व न्यायालयाच्या निकालात होते, ते २००४ च्या सत्तांतरानंतर एका वर्षात कायद्यात आले. निवडणुकीची ही शक्ती आपण कमी लेखू नये.

चौथा फायदा म्हणजे विधेयक सुधारते. विरोधी पक्ष, समिती, वृत्तपत्रातील लेख, संघटनांची निवेदने या सर्व चाळणींतून गेल्यावर जे उरते ते अधिक टिकाऊ असते.

आणि पाचवा, मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा फायदा हा की, लोकांनी भांडून घेतलेल्या कायद्याची राखणही लोकच करतात. २००६ साली फाइलींवरील अधिकाऱ्यांचे शेरे या कायद्यातून वगळण्याचा विचार सरकारने केला. देशभर ओरड झाली, अण्णा हजारे आळंदीला उपोषणास बसले आणि सरकारला तो विचार सोडावा लागला.

दुसरी बाजू

या प्रभावात दोष नाहीत काय? आहेत, आणि ते झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. शहरात घडलेली गोष्ट पहिल्या पानावर येते, आडगावची आतल्या पानावरही येत नाही. ज्याच्याजवळ पैसा आहे तो आपला दबाव गुपचूप आणू शकतो. त्याला धरणे धरावे लागत नाही. प्रक्षोभाच्या भरात घाईने कायदे होतात. पक्ष तर आपले हित प्रथम पाहतात. २०१३ साली केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्षांना हा कायदा लागू होतो असा निर्णय दिला, तेव्हा एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष त्याविरुद्ध एक झाले. पक्षांना कायद्यातून वगळणारे विधेयकही मांडले गेले. ते संमत झाले नाही, पण पक्षांनी तो निर्णय मानलाही नाही.

परंतु या दोषांवर बाहेरचा प्रभाव बंद करणे हा उपाय नव्हे, कारण बंद होईल तो गरिबांचाच. धनवंतांना मागचे दार असतेच. उपाय हा की प्रभाव उघड असावा, दिवसाढवळ्या असावा. धरणे सर्वांना दिसते, अग्रलेख सर्वांना वाचता येतो, समितीचा अहवाल छापला जातो. जे उघड आहे त्याला उत्तर देता येते.

बाहेरचा दबाव कमी पडला म्हणजे काय होते, तेही पाहिले पाहिजे. २०१९ साली माहिती आयुक्तांची मुदत व वेतन ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे देणारी दुरुस्ती झाली. विधेयक समितीकडे पाठवा ही विरोधकांची मागणी फेटाळली गेली आणि जुलै महिन्यात काही दिवसांच्या अंतराने दोन्ही सभागृहांनी ते संमत केले. पुढे २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातील एका पोटकलमाने माहिती अधिकाराचे एक कलम बदलले. पूर्वी वैयक्तिक माहितीही व्यापक जनहित असल्यास द्यावी, असे त्या कलमातच लिहिले होते. आता 'वैयक्तिक माहिती' एवढेच कारण तेथे उरले आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये हा बदल अमलात आला. जनहिताची सर्वसाधारण तरतूद कायद्यात अन्यत्र शिल्लक आहे, हे खरे. तरीही मस्टरवर नावे असतात, शिधावाटपाच्या यादीत नावे असतात. उद्या एखादा अधिकारी "ही वैयक्तिक माहिती आहे" म्हणून अशी यादी नाकारू लागला, तर कोटकिरानाच्या सुनावणीत जे कागद वाचले गेले ते कसे मिळणार? दोन्ही वेळी विरोध झाला, वृत्तपत्रांतून लेखही आले. पण तो आवाज विधेयक थांबवण्याइतका मोठा झाला नाही. माझ्यासारख्या विद्यार्थिनीला तर त्या पोटकलमाचा पत्ता कायदा होऊन गेल्यावर, याच लेखासाठी वाचन करताना लागला.

समारोप

ही खंत मनात ठेवूनच लेख संपवते. आपण राज्यशास्त्राचे विद्यार्थी विधेयकाची तीन वाचने पाठ करतो, पण चालू अधिवेशनात कोणते विधेयक कोणत्या वाचनात आहे, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? आपल्या महाविद्यालयाच्या वाचनालयात रोज वृत्तपत्रे येतात आणि दुपारनंतर ती घडीही न मोडता पडून असतात. निदान अधिवेशनाच्या काळात आठवड्यातून एकदा आपण दहा-पंधरा जणांनी बसून संसदेच्या बातम्या मोठ्याने वाचाव्यात आणि समजेल तेवढे समजून घ्यावे, अशी माझी सूचना आहे. प्राध्यापकांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती. एखाद्या विधेयकावर समितीने लोकांच्या सूचना मागवल्या, तर एक पत्र आपल्या महाविद्यालयातूनही जाऊ शकेल.

सरांच्या त्या प्रश्नाचे उत्तर मी आप्पांनाही सांगून पाहिले. राजस्थानच्या मजुरांनी चाळीस दिवस रस्त्यावर बसून हे सुरू केले, हे ऐकल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आपल्यासारखीच माणसं की." तो लखोटा त्यांनी शिधापत्रिकेसोबत पत्र्याच्या पेटीत ठेवला आहे. त्यातले एक अक्षरही त्यांना वाचता येत नाही. पण कोणी पाहुणा आला की ते मला तो काढायला सांगतात, आणि मी तो मोठ्याने वाचून दाखवते.